शेवट सांगू नका!

रहस्यपट पाहून आलेल्या माणसाने इतरांना शेवट सांगू नये, हा सभ्य समाजाचा नियम आहे. लालबागच्या आमच्या चाळीत हा नियम अप्पांना ठाऊक नव्हता. किंवा ठाऊक असूनही मान्य नव्हता, असे म्हणू. अप्पा गिरणीत साच्यावर होते. रात्रपाळी असली की सकाळी घरी यायचे, दोनचार तास डोळा लावायचा आणि उठून थेट मॅटिनीला जायचे, हा त्यांचा परिपाठ. संध्याकाळी नळाला पाणी येण्याच्या आत चाळीच्या तिन्ही मजल्यांवर त्या दिवशीच्या चित्रपटातला खुनी कोण हे जाहीर झालेले असे. त्यांना त्यात दुष्टपणा वाटत नसे. आपल्याला कळलेली गोष्ट शेजाऱ्याला कळू नये, हा विचारच त्यांना सहन होत नसे.

१९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' लागला. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. वडिलांनी रविवारची तिकिटे काढून आणली होती. आम्ही सारी मंडळी गिरगावात जाणार, आधी मावशीकडे जेवण आणि मग चित्रपट, असा बेत होता. आठवडाभर मला दुसरे काही सुचत नव्हते. शनिवारी तिन्हीसांजेला गॅलरीत अप्पांनी मला गाठले.

"उद्या पाठलाग ना रे? अरे, ती कोर्टातली बाई आहे ना, ती म्हणजे..."

आणि त्यांनी सांगून टाकले! मी मोठ्याने भोकाड पसरले. आईने बाहेर येऊन अप्पांना चार शब्द सुनावले. अप्पा बापडे ओशाळून म्हणाले, "वहिनी, पोराला घाबरायला नको म्हणून सांगितलं हो!" तिकिटांचे पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून मी दुसऱ्या दिवशी गेलो. तोंड फुगवूनच खुर्चीत बसलो.

आणि चित्रपटाने मला असे काही धरले, की मध्यंतरात वडिलांनी आणलेली शेंगदाण्याची पुडी तशीच हातात राहिली.

वाचकहो, त्या दिवशी मला रहस्यपटासंबंधी जे कळले, तेच मी आज साठ वर्षांनंतर या पानांतून सांगू पाहात आहे. चांगला रहस्यपट शेवट कळल्याने मरत नाही. जो मरतो, त्यात मुळात जीवच नव्हता असे समजावे.

'पाठलाग'ची जादू

'पाठलाग'ची कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून घेतलेली. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. त्या दुःखातून तो सावरतो न सावरतो तोच पोलीस एका गुन्हेगार स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब त्याच्या मृत पत्नीसारखी! आणि ती भर कोर्टात सांगते, की मीच यांची बायको. काशिनाथ घाणेकरांचा वकील तिला खोटे पाडण्यासाठी प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, आणि ती नवराबायकोशिवाय तिसऱ्या कोणाला ठाऊक असणे शक्य नाही अशा गोष्टी सांगत सुटते. दोन्ही रूपे भावना या अभिनेत्रीने रंगवली आहेत.

ती खरी कोण, हे मी सांगणार नाही. अप्पांचे पाप माझ्या माथी नको. पण मला ते ठाऊक होते, म्हणून मी त्या दिवशी कोड्याकडे न पाहता माणसाकडे पाहिले. घाणेकरांच्या चेहऱ्यावर एकीकडे वकिलाची जिद्द आणि दुसरीकडे, ही खरेच आपली आशा असली तर, अशी वेडी आशा. जिंकला तरी तो हरणार आणि हरला तरीही हरणार! त्याला पडद्यात शिरून हाक मारावी आणि काय ते सांगून टाकावे, असे मला इतके वाटत होते, की मी खुर्चीच्या कडेवर आलो होतो. सत्य आपल्याला ठाऊक आहे, ज्याला कळायला हवे त्याला नाही, आणि आपण सांगू शकत नाही. रहस्यपटाची खरी यातना हीच. खुनी कोण, हा प्रश्न त्यापुढे पोरकट वाटतो.

या चित्रपटाला मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. दोन वर्षांनी, १९६६ साली, राज खोसला यांनी याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' काढला. साधना, सुनील दत्त, मदनमोहनचे संगीत. मग काय विचारता! आज कोणालाही विचारा, 'मेरा साया'ची गाणी तोंडपाठ असतात. 'पाठलाग' म्हटले की मात्र "तो मेरा सायावरून काढलेला ना?" असा उलटा प्रश्न येतो. थोरल्या भावाला धाकट्याच्या नावाने ओळखावे, तशातला हा प्रकार.

वाचायला रहस्य, पाहायला विनोद

या उपेक्षेचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. कारण रहस्याचे आपल्या लोकांना कधीच वावडे नव्हते. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय हवेत विरल्या? गिरगावापासून परळपर्यंत प्रत्येक नाक्यावरच्या वाचनालयात झुंजार आणि काळापहाड यांच्यावर उड्या पडत. पुस्तक भाड्याने आणायचे, एका रात्रीत घरातल्या चौघांनी वाचायचे आणि सकाळी परत करायचे. आमच्या चाळीत तर एकच प्रत दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांतून फिरून येई. शेवटची पाने फाटलेली असली तरी हरकत नसे, अप्पा होतेच.

मग पडद्यावर हा प्रकार का रुजला नाही? माझे उत्तर साधे आहे. पुस्तक एकट्याने वाचायचे असते. सिनेमाला सारे घर जाते. महिन्यातून एकदा आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सर्वांना घेऊन, डबा बांधून, ट्रामने किंवा बसने प्लाझाला नाहीतर सेंट्रलला जायचे, तर त्यात हसू हवे, दोन गाणी हवीत, डोळे पुसायला एखादा प्रसंग हवा. घामाचे पैसे मोजून कोण भय विकत घेणार? त्यामुळे तमाशापट चालले, विनोदी चित्रपट चालले. भूतसुद्धा आपल्याला विनोदीच लागते. १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू पोराटोरांना अजून पाठ आहे.

आणि रहस्यपटाचे जे काही उरले, ते गाण्यांच्या रूपाने. १९७६ साली वसंत जोगळेकरांनी 'हा खेळ सावल्यांचा' काढला. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर त्यात होते. भुताच्या भीतीने पछाडलेले घर आणि त्या भीतीमागे लपलेली माणसे, असा त्याचा विषय. हृदयनाथ मंगेशकरांची त्यातली गाणी रेडिओने घरोघर नेली. पण चित्रपटाची गोष्ट सांगा म्हटले, तर दहांतले नऊजण गप्प बसतील. मला तो सर्वस्वी निर्दोष वाटतो असे नाही. परंतु भीती बाहेरून येत नाही, ती घरातलेच कोणीतरी पोसत असते, ही त्याची जाण मोठी आहे.

हिंदीतलेही एक उदाहरण द्यायला हवे, कारण त्यातली नायिका आपली आहे. मास्टर विनायकांची मुलगी नंदा. 'छोटी बहन'पासून लोकांनी तिला सोज्वळ बहीण करून टाकले होते. १९६९ साली यश चोप्रांनी 'इत्तेफाक'मध्ये तिला एका पावसाळी रात्री एका बंगल्यात एकटी ठेवली, आणि पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला राजेश खन्ना तिच्या दारात आणून उभा केला. एक रात्र, जवळजवळ एकच घर, गाणे एकही नाही. राजेश खन्नाचे चाहते त्याच्याकडे पाहात राहिले. मी सांगतो, तुम्ही नंदाकडे पाहा. एक साधी गृहिणी दिवाणखान्यात येरझारा घालते आहे, एवढेच दिसते. पण त्या येरझारांत काय काय दडले आहे, ते दुसऱ्यांदा पाहताना कळते. शेवट माहीत असून पुन्हा पाहावा, असा हा दुसरा चित्रपट.

ठाऊक सर्वांना, बोलत कोणी नाही

आता जे म्हणणार आहे, त्यावर काही वाचक रागावतील. मराठीतला सर्वांत उत्तम रहस्यपट 'सामना' आहे, असे माझे मत आहे.

"अहो, तो तर राजकीय चित्रपट!" असे कोणी म्हणेल. असेना का! रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकरांचे लेखन आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्याच्यावर राजकारण, सहकार, सत्ता यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. पण त्याची बांधणी पाहा. एका बड्या साखरसम्राटाच्या गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो. त्याच्या कानावर एक नाव येते, मारुती कांबळे. या माणसाचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न तो विचारीत सुटतो. निळू फुले यांचा हिंदुराव पहिल्यांदा हसतो, मग चिडतो, मग त्याची झोप उडते. डॉ. लागूंच्या मास्तरापाशी ना पिस्तूल, ना भिंग, ना हाताखाली कोणी छोटू. एक प्रश्न, तेवढेच त्याचे हत्यार. याहून अस्सल गुप्तहेर अर्नाळकरांनाही सुचला नसता!

आणि गंमत अशी, की उत्तर गावात सर्वांना ठाऊक आहे. फक्त कोणी विचारलेले नाही, म्हणून कोणी सांगितलेले नाही. आपल्याकडे रहस्य हे असेच असते. विलायती रहस्यकथेत ते कुलपात बंद असते आणि हुशार माणूस किल्ली शोधतो. आपल्याकडे ते ओसरीवर उघडे पडलेले असते, आणि सारे त्याला वळसा घालून जातात.

हाच धागा धरून आणखी दोन चित्रपट पाहावेत. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ सालचा. चापेकर बंधूंनी पुण्यात रँडला मारले, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. शेवट इतिहासानेच सांगून ठेवलेला! तरीही चित्रपट आपल्याला जागचे हलू देत नाही, कारण गोळी झाडल्यानंतर कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो, याकडे त्याचे लक्ष आहे.

दुसरा 'आक्रीत', १९८१ सालचा. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, आणि पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. परभणी जिल्ह्यातल्या मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात मुलींचे आणि स्त्रियांचे जे खून झाले, त्यांवर तो आधारलेला आहे. गुप्तधनाच्या लोभाने आणि अंधश्रद्धेने दिलेले ते बळी होते. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' आणि 'गोलमाल' यांतला तो गरीब स्वभावाचा, बसच्या रांगेत उभा राहणारा तरुण आठवा. तोच माणूस येथे गावातला वजनदार, थंड डोक्याचा पुरुष होऊन येतो. त्याला पाहून अंगावर काटा येतो, तो तो ओरडतो म्हणून नव्हे. तो ओरडत नाही म्हणून. खून कोण करवतो, हे चित्रपट फार लपवीत बसत नाही. एवढ्या पोरी नाहीशा होत असता गावाचे व्यवहार कसे चालू राहतात, हे तो दाखवतो. फ्रान्समधल्या नान्त येथील महोत्सवाने त्याचा गौरव केला. आपल्याकडे तो आला केव्हा आणि गेला केव्हा, ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही. २०२४ साली याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही मालिका घरबसल्या पाहायला मिळाली, आणि तरुण मंडळींनी ती आवडीने पाहिली. त्यांतल्या कितीजणांना 'आक्रीत' माहीत होता? माझ्या भाच्याला नव्हता. त्याला तो दाखवल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. हीच त्याची पावती.

१९९९ सालची जोडी

पुढे विनोदाच्या लाटेत अशा चित्रपटांचे दिवस सरलेच होते. पण १९९९ या एकाच वर्षात दोन चित्रपट असे आले, की जुन्या रसिकाला हुरूप यावा.

पहिला चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'बिनधास्त'. कॉलेजातल्या दोन जिवलग मैत्रिणी, त्यांच्या खोड्या, आणि खोडीतून अंगावर आलेला खून. जवळजवळ सर्व पात्रे स्त्रियाच. नायक येऊन सोडवील, ही सोयच ठेवलेली नाही. पूर्वार्धातली धमाल थोडी लांबते, हे मान्य. पण जिवाभावाच्या मैत्रीत संशयाचा एक थेंब पडला की काय होते, ते त्यात फार चांगले उतरले आहे. प्रियदर्शन यांनी तो लगेच दक्षिणेत नेला आणि तमिळमध्ये 'स्नेहितिये' नावाने काढला. आपली वस्तू दुसऱ्याने उचलली की मग आपल्याला तिची किंमत कळते. या वेळी तर तेव्हाही कळली नाही.

दुसरा अजय फणसेकर यांचा 'रात्र आरंभ'. त्यात दिलीप प्रभावळकर आहेत. आता गंमत पाहा. 'झपाटलेला'तला तात्या विंचू म्हणजे हेच प्रभावळकर. ती भूमिका शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ज्याच्या मनाचे भान सुटत चालले आहे अशा एका साध्यासुध्या माणसाची त्यांनी 'रात्र आरंभ'मध्ये केलेली भूमिका किती जणांनी पाहिली? तिथे बाहुली नाही, मंत्र नाही. शेजारच्या बिऱ्हाडात राहणारा असावा असा माणूस हळूहळू स्वतःलाच अनोळखी होत जातो. पुढे २००२ साली फणसेकरांच्याच 'एनकाउंटर: द किलिंग' या हिंदी चित्रपटात प्रभावळकरांनी गुंडांचा म्होरक्या रंगवला, तोही असाच दुर्लक्षित राहिला. चिमणरावाने आम्हाला इतके हसवले, की त्याला घाबरायला आमची तयारीच नव्हती!

अप्पांची गोष्ट

येथवर मी प्रेक्षक म्हणून बोललो. आता शेजारी म्हणून बोलले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर आमच्या भागातली घरेही विरत गेली. अप्पा पन्नाशीचे होते. आधी मॅटिनी बंद झाली, मग रेडिओ गेला, मग भांडी. अप्पा गावी जाऊन आले, भाजी विकून पाहिली, एका इमारतीवर रखवाली केली. चाळीतल्या पोरांना चित्रपटाचा शेवट सांगायला आता त्यांच्यापाशी चित्रपटच उरला नव्हता.

त्यांचा धाकटा तेव्हा विशीत शिरत होता. मी कचेरीत चिकटलो होतो. तो दोनदा माझ्याकडे आला. "दादा, कुठं शिपाई म्हणून तरी चिकटवा." मी "बघतो" म्हणालो. बघितले नाही. पुढे तो नाक्यावर कोणाबरोबर उभा राहू लागला, ते मी कामावर जाता-येता पाहात होतो. त्याच्या मनगटावर घड्याळ आले, ते सर्वांनी पाहिले. ते कोठून आले असेल, हे न विचारता सर्वांना कळले. नळावर त्याची चर्चा होई, आणि अप्पांच्या घरचे कोणी आले की थांबे.

१९८६ च्या पावसाळ्यात एका रात्री तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस आले आणि अप्पांना ओळख पटवायला घेऊन गेले.

ज्या माणसाने आम्हाला प्रत्येक चित्रपटाचा शेवट आधी सांगितला, त्याला त्याच्या घरातला शेवट आमच्यापैकी कोणीही आधी सांगितला नाही. तिन्ही मजल्यांना ठाऊक होता. मला ठाऊक होता. दहाव्या वर्षी पडद्यावरच्या वकिलाला हाक मारायला आसुसलेला मी, बत्तिसाव्या वर्षी दोन दारे ओलांडून गेलो नाही.

'लालबाग परळ' पाहताना

याच भागात वाढलेल्या जयंत पवार यांनी संपानंतरच्या अशाच एका घरावर 'अधांतर' हे नाटक लिहिले. आई, तीन मुलगे आणि एक मुलगी. गिरणी बंद पडल्यावर एकजण लेखक होऊ पाहतो, एकजण क्रिकेटच्या नादात वाहवत जातो, एकजण टोळीत जातो. त्यावरून महेश मांजरेकर यांनी २०१० साली 'लालबाग परळ' काढला. हिंदीत तोच 'सिटी ऑफ गोल्ड'.

माझे मत विचाराल, तर नाटक चित्रपटाहून सरस आहे. चित्रपट जागोजाग ओरडतो. जे नाटकात चार भिंतींत दबलेले होते, ते तो रस्त्यावर मांडतो. समीक्षकांनी हे दोष दाखवले, ते खोटे नव्हते. आमच्या भागावर बेतलेल्या टोळीपटांत नाव झाले ते इतरांचे. १९८९ च्या 'परिंदा'तला दादरच्या कबुतरखान्यावरचा खून सर्वांना आठवतो. २०२५ साली महापालिकेने त्या कबुतरखान्यावर ताडपत्र्या घातल्या, तेव्हाही कित्येकांना आधी तो प्रसंगच आठवला असेल. पण 'परिंदा'त गोळ्या दिसतात. 'लालबाग परळ'मध्ये गोळीच्या आधीची चार वर्षे दिसतात. रिकामा डबा, सकाळी कामावर न जाणारा बाप, आणि पैसे कोठून आले हे न विचारता ते घेणारी आई. काळोख तेथून सुरू होतो, हे या चित्रपटाला कळले आहे. म्हणून त्याचे दोष पोटात घालून तो पाहावा, असे मी म्हणतो.

तो लागला तेव्हा अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. "मला घेऊन चल," असे त्यांनीच मला सांगितले. मी टाळाटाळ केली. ते ऐकेनात. जवळच्याच थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. अंधारात त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. टोळीतल्या मुलाचे प्रसंग आले की तो घट्ट होई, पण ते उठले नाहीत. शेवटपर्यंत बसून राहिले.

बाहेर आलो तेव्हा पुढच्या खेळाची माणसे उभी होती. एका पोराने विचारले, "आजोबा, कसा आहे? शेवटी काय होतं?"

मी अप्पांकडे पाहिले. पन्नास वर्षांची सवय!

"बघ," अप्पा म्हणाले. "शेवटपर्यंत बघ. मधनं उठू नको."

आम्ही चालत निघालो. बंद गिरणीच्या भिंतीजवळ ते दम खायला थांबले.

"तुला ठाऊक होतं ना?" त्यांनी विचारले. ते चित्रपटाबद्दल बोलत नव्हते.

"हो," मी म्हणालो.

"सांगायचं होतंस रे."

ते एवढेच बोलले. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही. अप्पा आता नाहीत.

दिवाळीचे आर्जव

ज्या थिएटरांत आम्ही हे सारे पाहिले, त्यांतली कितीतरी गेली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जेथे लागला ते गिरगावातले कॉरोनेशन आणि १९३१ साली 'आलम आरा' जेथे लागला ते मॅजेस्टिक यांची आता नावेच उरली. दादरचे चित्रा २०१९ साली बंद पडले. मॅटिनीला जाणारी रात्रपाळीची माणसेही गेली आणि त्यांना जागवणारे भोंगेही गेले.

तरी मी निराश नाही. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, कोकणातल्या पावसाने भिजलेला तो चित्रपट. सहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो पुन्हा थिएटरांत लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त चालला! आता त्याचा शेवट तर सर्वांनाच ठाऊक होता. तरुण पोरे तो ठाऊक असूनच रांगा लावून गेली. प्रेक्षक आपली चूक सुधारतो. फक्त त्याला दुसरी संधी मिळाली पाहिजे.

म्हणून एक आर्जव. या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेली, पाहुणे गेले, की या यादीतला एखादा चित्रपट मिळवून पाहा. 'पाठलाग' सर्वांनी मिळून पाहा; मुलेही घाबरणार नाहीत. 'सामना' आणि 'आक्रीत' थोरांनी पाहावेत आणि नंतर लगेच दिवे लावू नयेत. 'लालबाग परळ' पाहाल तर शेजारच्या बिऱ्हाडाची एकदा आठवण करा.

चित्रपटाचा शेवट कोणाला सांगू नका. पण दोन दारे ओलांडून जे सांगायला हवे, ते मात्र वेळेवर सांगा.